वरच्या खणाची किल्ली

वामनभाऊ, आधी एक सांगून टाकते. मी तुमच्यावर रागावलेली आहे. वाद रंगात आला की "बसा मॅडम, एक ढोर पाहून येतो" म्हणत उठून जायची तुमची सवय मला जुनीच ठाऊक आहे. परत यायचात तेव्हा हातांना साबणाचा वास असायचा आणि चेहरा असा, की वाद कशावरून चालला होता हे तुम्हाला आठवतच नाही. मग चहा यायचा, कोरा, साखर जास्त, आणि मीही विसरायचे. या वेळी चहा आला नाही. तुम्हाला जाऊन महिना होत आला आणि आपला वाद तुमच्या दवाखान्याच्या ओट्यावर तसाच पडून आहे.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाल्यावर लोक तुमच्याबद्दल बोलले. सगळे चांगलंच बोलले. कुणीतरी तुम्हाला देवमाणूस म्हणालं तेव्हा मला हसू आवरेना, कारण तुम्ही देवमाणूस वगैरे मुळीच नव्हता. हट्टी होता. लाखोळीच्या वरणाचं दुसरं वाढप नाकारलं तर रुसायचात. माझ्या साताऱ्याकडच्या बोलण्याला "पेपरात छापल्यासारखं मराठी" म्हणायचात, तेही माझ्याच विद्यार्थ्यांपुढे. कार्यक्रम संपल्यावर वहिनी जवळ आल्या आणि म्हणाल्या, "तुमी नाई बोलल्या, मॅडम."

मी म्हणाले, "माझं त्यांच्याशी भांडण अर्धं राहिलंय, वहिनी. ते चारचौघांत कसं काढू?"

"मंग लिहून काढा," त्या म्हणाल्या. "तुमच्या भांडणाशिवाय त्यायले करमत नव्हतं."

म्हणून लिहायला बसले आहे.

भाऊ, तुम्हाला आठवतं का, मी पहिल्यांदा आले तो दिवस? मी कॉलेजात पशुवैद्यकाच्या मुलांना औषधशास्त्र शिकवते. कुठल्या जंतूवर कुठलं अँटिबायोटिक, ते शरीरात कुठपर्यंत पोचतं, किती दिवस द्यायचं, दिल्यावर दूध किती दिवस वापरायचं नाही, हे सगळं मी फळ्यावर लिहायचे आणि मुलं उतरवून घ्यायची. परीक्षेत बरोबर लिहायची. आणि नोकरीला लागली की पहिल्याच आठवड्यात मालकाने "साहेब, हाय पॉवरची सुई मारा" म्हटलं, की मारायची. म्हणून शेवटच्या वर्षाच्या मुलांना खऱ्या जनावरांपुढे उभं करावं, असं ठरवलं. कुरखेडा तालुक्यातल्या एका गावात एक पशुधन अधिकारी आहेत, त्यांच्याकडे न्या, असं मला सांगितलं गेलं. ते अधिकारी म्हणजे तुम्ही. धानाचा रोवणा आटोपला होता. बस वडसा मागे टाकून पुढे आली तशी मुलं गाणी म्हणायची थांबली आणि खिडकीतून जंगल बघू लागली.

तुमचा दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक ओटा, समोर जनावर अडकवायचा लोखंडी खोडा आणि मोहाचं झाड. आतल्या खोलीत एक हिरवं कपाट होतं. ताप-दुखण्याची औषधं, मलम, पट्ट्या सगळं बाहेरच्या फळीवर उघडं पडलेलं, पण अँटिबायोटिक मात्र कपाटात, कुलपात. आणि कपाटाच्या आत सगळ्यात वर आणखी एक छोटा खण, त्याला वेगळं कुलूप. दोन्ही किल्ल्या तुम्ही काळ्या दोरीत ओवून खिळ्याला टांगलेल्या होत्या. मी वरच्या खणाकडे बोट दाखवलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "खालचे खण ढोराचे. वरचा माणसाचा. ढोराले उसना भेटते, कधी तरी."

त्यात काय होतं ते मला लगेच कळलं. माणसांच्या मोठ्या दवाखान्यात बाकी काही चालेनासं झालं की शेवटी काढतात, त्या जातीची औषधं. जनावरांवर ती सढळ वापरली की जंतू त्यांनाही सरावतात, आणि मग माणसांसाठी हातात काही उरत नाही. हे मीही शिकवत होते. पण मी ते फळ्यावर शिकवत होते आणि तुम्ही त्याला कुलूप लावलं होतं. त्या क्षणी तुम्ही मला आवडलात, हे कधी बोलले नाही.

ते आवडणं अर्धा तास टिकलं. पहिला माणूस बैल घेऊन आला. तुम्ही खिळ्यावरची दोरी काढलीत आणि सरळ त्या माणसाच्या हातात दिलीत. मग माझ्या विद्यार्थ्याला म्हणालात, "तपास. काय झालं ते याले समजावून सांग. कोणतं औषध, काऊन तेच, दुसरं काऊन नाई, सगळं. त्याले पटलं तं तो कपाट उघडन."

मुलगा अजून थर्मामीटर झटकत होता, तेवढ्यात मालकाने कपाट उघडून लाल बुचाची बाटली बाहेर काढलीसुद्धा. "हे चांगलं आहे, डॉक्टर. मागच्या वक्ती हेच मारलं होतं." सगळी मुलं हसली. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही त्या मुलाला म्हणालात, "आता बोल. ते बाटली परत आत गेली पाहिजे."

तो पाऊण तास बोलला. बाटली आत गेली नाही. दुसऱ्या दिवशी दुसरी मुलगी बोलली, तिच्या वेळीही नाही. मालकाच्या मते सुई न मारता परत जाणं म्हणजे फेरी फुकट. कपाट उघडायला लावणं सोपं होतं, भाऊ, ते कुणालाही जमत होतं. बंद ठेवायला लावणं जमत नव्हतं. तुमच्याकडे गुण द्यायची एकच पद्धत होती, की किल्ली कपाट न उघडता परत आली तर पूर्ण मार्क. आणि औषध खरंच लागणार असेल तर मालकाने ते स्वतःच्या हाताने काढून द्यायचं, कशासाठी ते स्वतःच्या तोंडाने सांगून.

मी पहिल्याच संध्याकाळी तुमच्याशी भांडले. म्हणाले, औषध निवडणं म्हणजे ग्रामसभा नव्हे. पाच वर्षं शिकलेल्या मुलाने ठरवायचं, मालकाने नाही.

"ग्रामसभाच आहे, मॅडम," तुम्ही म्हणालात. "दूध कोणाच्या घरी जाते? शेण कोणाच्या वावरात पडते? सुईनं मेले नाई ते जंतू कोणाच्या आंगणात फिरते? मंग मत कोणाचं?"

"मत अज्ञानी असलं तर?"

"म्हून तं तुमच्या पोट्ट्यायले बोलायले लावलं." आणि तुम्ही उठलात. ढोर पाहून येतो म्हणालात. बाहेर एकही ढोर नव्हतं, मी खिडकीतून बघितलं होतं.

पण दर वर्षी मी येतच राहिले. कॉलेजात जुनी मुलं नव्यांना सांगायची की तिथे एक काऊन सर आहेत, औषधाचं नाव घेतलं की "काऊन?" विचारतात, उत्तर दिलं की पुन्हा "काऊन?", आणि शेवटी रडू येतं. रडलेली एक-दोन मला माहीत आहेत. त्यातलीच एक आता दुसऱ्या जिल्ह्यात आहे. परवा तिचा फोन आला. म्हणाली, "मॅडम, अजून सिरिंज भरताना सर मागून विचारतात असं वाटतं."

निखिल आठवतो तुम्हाला? इस्त्रीचा शर्ट घालून खोड्यापाशी उभा राहणारा. वर्गात पहिला. त्याच्या वाट्याला मैनाबाईची तांबडी गाय आली होती. मैनाबाई आतल्या एका पाड्यावरची, गोंड. गायीबरोबर चालत आलेली, मागे लुटूलुटू वासरू. गाय व्याल्यावर वार पडली नव्हती, अंगात ताप होता, औषध लागणार हे उघड होतं. निखिलने छान समजावलं. कुठलं औषध, का, किती दिवस. मैनाबाई किल्ली हातात धरून मान हलवत होती. मग तो त्याच्या आवडत्या भागावर आला.

"आणि बाई, औषध चालू आहे तोवर आणि नंतरचे काही दिवस हिचं दूध घरात कुणी प्यायचं नाही. विकायचंही नाही."

मैनाबाईने माझ्याकडे बघितलं, मग तुमच्याकडे, मग तोंडाला पदर लावून हसायला लागली. "आमी दूध काढतच नाई, बाबू. ते वासराचं राह्यते. त्याच्या मायचं आहे, आमी काऊन पिऊ?"

निखिलचा चेहरा असा झाला, जणू त्याची वही कुणीतरी पावसात भिजवली. तो म्हणाला, "मग प्रश्नच मिटला." तुम्ही मोहाला टेकून उभे होता. तुम्ही फक्त वासराकडे बोट दाखवलंत. ते कासेला तोंड लावून ढुशा देत होतं.

प्रश्न मिटला नव्हता, आत्ता कुठे सुरू झाला होता. पुस्तकातले दूध न वापरायचे दिवस माणसांसाठी मोजलेले होते. रोज थोडं थोडं औषध दुधातून पिणाऱ्या वासराचं काय, त्याच्या पोटातल्या जंतूंचं काय, हे त्या पोरांना कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. त्या दुपारी मुलं मोहाखाली बसून भांडली. वासरू वेगळं करावं तर पाजायचं काय, शेजारची गाय लावून घेईल का, औषधच बदलता येईल का. शेवटी आधी ठरवलेलं मागे पडलं, दुधात कमी उतरणारं दुसरं निवडलं आणि मैनाबाईने कपाट उघडून ते निखिलच्या हातात दिलं. "वासराले बाधन नाई ते द्या," ती म्हणाली. दुसरं काऊन नाही, हे तिला आता निखिलइतकंच कळलं होतं.

त्या वर्षापासून मी वर्गात तो धडा वेगळा शिकवते. किती दिवस, हे मी नंतर सांगते. आधी विचारते, दूध कोण पितं? हे तुमच्यामुळे झालं. तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण तुम्ही ते पुढच्या दहा वादांत वापरलं असतं.

आणि आता त्या गायीकडे यायलाच हवं, भाऊ. मैनाबाईची तीच तांबडी, तिचं पुढचं वेत. तुम्ही टाळलंत, मी टाळणार नाही.

ती व्याली आणि पुन्हा तापली. मैनाबाईने घरच्या घरी गावोगाव फिरणाऱ्या पिशवीवाल्या भोंदू डॉक्टरकडून सुया मारून घेतल्या होत्या. त्या पिशवीत काय होतं कुणास ठाऊक. गाय बैलगाडीत घालून दवाखान्यात आणली तेव्हा उभी राहत नव्हती. खालच्या खणांतल्या दोन औषधांनी काही फरक पडला नाही. तुम्ही नमुना प्रयोगशाळेत पाठवला होता, कुठलं औषध चालेल याचा अहवाल दुसऱ्या दिवशी येणार होता. आमची बॅच नेमकी तिथे होती. दोरी मैनाबाईच्या हातात होती, मोठी किल्ली आणि लहान किल्ली, दोन्ही.

तुम्ही तिच्यापुढे जमिनीवर बसलात. तुमच्या मोडक्यातोडक्या गोंडीत आणि आपल्या भाषेत तिला सगळं सांगितलंत. वरच्या खणातलं औषध चालेल, कदाचित चालणार नाही. पिशवीतनं तेच आधी दिलं गेलं असेल तर उपयोग नाही. उद्या कळेल. आज दिलं तर एक आशा आहे. थांबलो तर जोखीम आहे. तुम्ही काहीही लपवलं नाहीत. मी तुमच्या मागे उभी होते, मला एकेक शब्द ऐकू येत होता.

मैनाबाई लहान किल्ली बोटांत फिरवत होती. तिने विचारलं, "हे माणसाले लागते ना, भाऊ? माह्या पोरीले बाळंतपणात गडचिरोलीले नेलं, तवा शेवटी एक सुई लावली होती. हे तेच का?"

"त्याच जातीचं."

तिने गायीच्या कपाळावरून हात फिरवला. मग म्हणाली, "मंग उद्याचा कागद येऊ द्या."

मी म्हणाले, "भाऊ, उघडा. आत्ता. जनावर मरतंय, अशा वेळेसाठीच तो खण आहे." मुलांसमोर म्हणाले. तुम्ही मान न वळवता म्हणालात, "किल्ली माह्याजवळ नाई, मॅडम."

गाय सकाळपर्यंत गेली. अहवाल दुपारी आला. वरच्या खणातलं औषध चाललं असतं.

ओट्यावर मी तुम्हाला जे बोलले ते तुम्हाला लागलं, हे मला दिसलं होतं. मी म्हणाले, तुम्ही याला मालकाचा मान म्हणता, पण आज तुम्ही तुमचं ओझं त्या बाईच्या गळ्यात घातलंत. दुधाचं, शेणाचं, अंगणाचं तिला विचारा. पण शेवटचं औषध काढायचं की नाही, हे ठरवायला सरकार तुम्हाला पगार देतं. गाय गेली आणि आता ती बाई जन्मभर म्हणत बसेल की किल्ली माझ्या हातात होती. तुम्ही मोहाकडे बघत होता. म्हणालात, "मी चुकलो असं नाई म्हणत. नाई चुकलो असंबी नाई म्हणत. तुमाले उत्तर देतो, पण आज नाई." आणि उठलात. खोड्यात एक म्हैस होती खरी त्या दिवशी, उगाच आळ घेत नाही.

परतीच्या बसमध्ये मुलांनी गाणी म्हटली नाहीत. मला ते बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. त्यांना वाटलं असणार, या दोघांत एक बरोबर आणि एक चूक असेल, आणि परीक्षेला कुणाचं लिहायचं.

त्यानंतर दोनदा भेटलो, तुम्ही विषय काढला नाही. मग तुम्ही आजारी पडलात. मी गडचिरोलीला आले तेव्हा तुमच्या दंडात सलाईन होतं आणि तरुण डॉक्टर नवीन बाटली लावत होता. तुम्ही त्याला विचारलंत, "हे काऊन?" तो आधी वैतागला. "काका, इन्फेक्शन आहे." "कायचं? हेच काऊन?" वहिनींनी कपाळाला हात लावला. पण पोरगा भला निघाला, स्टूल ओढून बसला आणि कुठून नमुना घेतला, काय उगवलं, बाकीची का नकोत, सगळं तुम्हाला सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलंत, मान हलवलीत. "पटलं. लावा." तो गेल्यावर मला म्हणालात, "चांगला शिकवला आहे कोणीतरी."

मग डोळे मिटलेत. मला वाटलं झोप लागली. तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "मॅडम, ते गायीचं उत्तर राह्यलं."

मी म्हणाले, "घाई नाही भाऊ, आधी बरे व्हा." काऊन म्हणाले मी असं? दारातच तर उभी होते, आत येऊन बसायचं आणि म्हणायचं, सांगा आत्ता. पण तुम्ही थकलेले दिसत होता आणि मला वाटलं, रोवणा आटोपला की बॅच घेऊन येईनच, ओट्यावर बसून सावकाश भांडू. बॅच घेऊन मी आले. ओटा तिथेच आहे.

खरं सांगू, येणार नव्हते. कॉलेजात बोलणं चाललं होतं की आता तिथे कोण आहे, केसेस पडद्यावर दाखवू, मुलांचा वेळही वाचेल. मी निम्मी तयार झाले होते. तुमची ती किल्लीची पद्धत मला कधी पूर्ण पटली नव्हती, त्या गायीनंतर तर नाहीच, मग ती मी का पुढे न्यावी? आणि त्याच दिवशी एक मुलगी स्टाफरूमच्या दारात येऊन म्हणाली, "मॅडम, आमच्या बॅचला काऊन सरांकडे नाही नेणार?" तिने तुम्हाला कधी बघितलंही नव्हतं. ही श्रद्धा. हिचं पुढे सांगते.

गेल्या आठवड्यात आलो. तुमच्या जागी अजून कुणाची नेमणूक नाही, शेजारच्या दवाखान्याच्या तरुण डॉक्टरकडे जादा कामाचा भार आहे. इकडचाच आहे. त्याने दार उघडून दिलं, म्हणाला, "किल्ल्या तिथीच आहेत खिळ्याले. मी हात नाई लावला." आणि लसीकरणाला निघून गेला. तुमची खुर्ची खिडकीशी होती, पाठीवर टॉवेल तसाच. कुणी त्यावर बसलं नाही.

आणि पहिलीच आली मैनाबाई. बरोबर तांबडी कालवड, लंगडत. त्या गायीची लेक, भाऊ. गाय गेली तेव्हा ही आठ दिवसांची होती. पेज पाजून आणि शेजारच्या गायीला लावून तिने जगवली. मैनाबाई ओट्यावर बसली आणि सवयीने हात पुढे केला, किल्लीसाठी.

मी दोरी खिळ्यावरून काढली. माझे हात तिथेच थांबले. मग मी गाठ सोडली, लहान किल्ली काढून मुठीत घेतली, पुन्हा गाठ मारली आणि फक्त मोठी किल्ली तिच्या हातात दिली. तिने दोरीकडे बघितलं.

"ते लहान काऊन काढली, बाई?"

"ती माझ्याजवळ राहू दे."

श्रद्धाने कालवड तपासली. ताप भरपूर, एका पायावरून दुसऱ्या पायावर लंगड सरकणारी, तोंडातून लाळ. आणि पोरीने घाबरून पटकन एका अँटिबायोटिकचं नाव घेतलं. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "काऊन?" सगळी मुलं हसली. मी वळून बघितलं नाही, कारण मला कुणाला माझे डोळे दाखवायचे नव्हते.

श्रद्धा थांबली. पुन्हा पायांवरून हात फिरवला. मग मैनाबाईपुढे जमिनीवर बसली, तिला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणाली, "बाई, हा तिवा आहे. दोन-तीन दिवसांचा ताप. याचे जंतू वेगळे असतात, कपाटातल्या कुठल्याच औषधाने ते मरत नाहीत. दुखणं कमी करायचं औषध मी देते, ते बाहेरच्या फळीवर आहे. सावलीत ठेवा, पाणी पाजा. खाली बसली तर कूस बदलत राहा. श्वास जोरात वाटला किंवा उठलीच नाही, तर लगेच कळवा, मग कपाटाचं बघू."

मैनाबाईने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "सुई नाई मारली, अन् हेबी गेली तं?"

श्रद्धाने माझ्याकडे बघितलं. सगळ्या मुलांनी बघितलं.

मी म्हणाले, "तर दोष माझा. तुमचा नाही, बाई. ठरवलं आम्ही आहे."

मैनाबाई कालवडीच्या मानेवर हात ठेवून बसली होती. ती म्हणाली, "भाऊबी असेच म्हणत होते. गाय गेली त्याच्या दुसऱ्या रोजी घरी आले. उन्हात, पायी, गाडी रस्त्यावरच ठेवून. म्हणाले, बाई, किल्ली तुह्या हातात होती, पण गाय माह्या हातात होती. तू घोर नको करू. ते ओझं माहं आहे."

मी विचारलं, "मग?"

"मंग काय. भाऊ चांगले होते." तिने दोरी बोटाभोवती गुंडाळली, पुन्हा सोडली. "घोर तं लागतेच, बाई. किल्ली हातात होती ना."

मग ती उठली. कपाट न उघडता, किल्ली घेऊन, सवयीने सरळ खिडकीकडे गेली. खुर्चीपाशी जाऊन उभी राहिली. टॉवेलकडे बघितलं आणि मागे वळून म्हणाली, "आता कोणाले देऊ?"

मी हात पुढे केला. तिने मोठी किल्ली माझ्या तळव्यावर ठेवली, माझी दुसरी मूठ बघितली आणि म्हणाली, "ते लहान तुमच्याजवळच राहू द्या. जड आहे ते."

श्रद्धाला पूर्ण मार्क दिले, भाऊ. तुम्ही दिले असते का, सांगता येत नाही, ते पहिलं नाव चुकीचं घेतल्याबद्दल तुम्ही तिला रडवलं असतं. कालवड उठली. चरायला गेली. मैनाबाईने निरोप पाठवला.

म्हणजे उत्तर तुम्ही दिलं होतंत. मला नाही दिलंत, जिला द्यायचं तिच्या दारी जाऊन दिलंत. आणि मी तुमच्यावर रुसून बसले, की माझं उत्तर राहिलं. हे कळल्यावर आधी मला तुमचा अभिमान वाटला आणि लगेच पुन्हा राग आला, कारण उत्तर देऊनही तिचा घोर गेलेला नाही. म्हणजे मीही बरोबर होते. आता सांगा, आपण दोघं बरोबर असू तर भांडायचं कुणाशी? मला अजून तुमच्याशीच भांडायचं आहे. मोठी किल्ली मालकाच्या हातात, यात मी हरले, पुरती हरले, आणि आनंदाने हरले. लहान किल्लीचं मात्र मी मान्य करत नाही. करणार नाही.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी मुलं बसमध्ये सामान चढवत होती. तो तरुण डॉक्टर दार लावायला आला. मी मोठी किल्ली खिळ्याला टांगली आणि लहान त्याच्या हातात दिली. म्हणाले, "मोठी ढोराच्या मालकाला द्यायची, दर वेळी. ही मात्र तुमच्या खिशात. ही कुणाला द्यायची नाही."

त्याने किल्ली उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, "काऊन, मॅडम?"

बस हॉर्न वाजवत होती. मी मुलांना हाताने थांबा म्हटलं, खुर्चीवरचा टॉवेल काढून मांडीवर घेतला, तुमच्या खुर्चीत बसले आणि त्याला त्या तांबड्या गायीपासून सांगायला सुरुवात केली.